रुक्मिणीस्वयंवराच्या तीन रचना : यमक, चरण आणि आवृत्ती यांचा विचार

स्मरण हा साधकाचा नित्य विधी होय. नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा यांचे स्मरण हाच असन्निधानी जीवाचा आधार, हे भिक्षुकांस अथवा वासनिकांस नव्याने सांगावयास नको. परंतु स्मरणाचा हा विचार आपल्या काव्यग्रंथांना लावून पाहण्याचा प्रघात फारसा नाही. काव्याचे निरूपण करताना आपण कथाभाग सांगतो, उपमा उलगडतो, कठीण शब्दांचे अर्थ देतो. ज्या यमकांनी व ज्या चरणांनी तो ग्रंथ बांधला आहे, त्यांकडे 'कवीचे कौशल्य' एवढे म्हणून पुढे जातो. परिणामी पाठ करताना चरण कोठे तुटतो, यमक कोठे जुळते, कोणता शब्द जसाच्या तसा राखला पाहिजे, याविषयी आपली सावधानता कमी पडते. प्रस्तुत लेखात याच अंगाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी एकाच कथेवरील तीन रचना घेतल्या आहेत. कथा एक असली म्हणजे रचनेतील भेद आपोआप उठून दिसतो.

कथा एक, रचना तीन

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात अध्याय ५२ ते ५४ या तीन अध्यायांत रुक्मिणीहरणाची कथा आली आहे. रुक्मिणीने ब्राह्मणाहाती श्रीकृष्णचक्रवर्तींस धाडलेला सात श्लोकांचा निरोप हे त्या कथेचे मर्म होय. या कथेवर आपल्या पंथातील आद्य काळात तीन रचना झाल्या. महदंबेचे 'धवळे' ही पहिली. 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' ही तिच्याच नावे असलेली दुसरी. साती ग्रंथांत गणना होणारे नरेंद्रकवीचे 'रुक्मिणीस्वयंवर' ही तिसरी. हा ग्रंथ शके १२१४, म्हणजे इ.स. १२९२ चा मानला जातो आणि त्याच्या ८७९ ओव्या आज उपलब्ध आहेत.

कथा भागवतातील, नायक श्रीकृष्ण, भाषा मराठी, काळही जवळजवळ एकच. असे असूनही या तीन रचना कानाला अगदी भिन्न लागतात. या भेदाचे कारण आवृत्तीत आहे. काव्यात काहीतरी पुन्हा पुन्हा आल्याखेरीज छंद उभा राहत नाही. पहिल्या रचनेत चाल पुन्हा येते, दुसरीत वर्णमाला क्रमाने पुढे सरकते, तिसरीत चरणाच्या शेवटचे अक्षर परत येते. ही तीन बंधने तीन प्रकारे स्मरणाचे काम करतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

१. धवळे : चालीची आवृत्ती

धवळा हे विवाहप्रसंगी गावयाचे मंगलगीत. देवगिरीच्या सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात 'धवल' या गीतप्रकाराची नोंद केली असून, आशीर्वादपर अशा या गीताचे चार, सहा व आठ चरणांवरून तीन भेद सांगितले आहेत. सिंघणाचा राज्यकाळ इ.स. १२१० ते १२४७ हा होय. म्हणजे महदंबेने धवळे गाइले तेव्हा हा प्रकार लोकांत रुळलेला होता आणि शास्त्रकारांनीही त्याची दखल घेतलेली होती.

महदंबा ही आचार्य श्रीनागदेवांची चुलत बहीण. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रवृत्तीच्या प्रसंगी ऋद्धिपूर येथे त्यांच्या सन्निध तिने हे धवळे गाइले. धवळ्यांचा उत्तरार्ध मागाहून रचला गेला. या प्रसंगातच रचनेचे लक्षण दडलेले आहे. समोर ग्रंथ नाही, लेखणी नाही. श्रीप्रभू आहेत, परिवार आहे आणि गाणारा कंठ आहे. अशा ठिकाणी ओळींतील अक्षरांची संख्या काटेकोर असावी लागत नाही, कारण चाल ती सांभाळून घेते. अक्षर कमी पडले तर स्वर लांबतो, अधिक झाले तर दोन अक्षरे एका मात्रेत आटोपली जातात. माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी आपल्या 'छंदोरचना' या ग्रंथात वृत्त, जाती व छंद असा भेद केला आहे. त्यांपैकी छंदात लघुगुरूंचा विचार मागे पडतो आणि अक्षरे उच्चारात सारखी लांबवली जातात. धवळ्यांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे कागदावर विषम दिसणाऱ्या ओळी गाताना सम कशा होतात, हे ध्यानात येते.

धवळ्यांतील यमक ओळीच्या शेवटी येते व सरळ असते. त्याचे प्रयोजन गाणारांच्या समूहासाठी आहे. एकीने ओळ उचलावी, बाकीच्यांनी तिचा शेवट धरावा, ही लग्नघरातील रीत आपण आजही पाहतो. शेवटचे अक्षर कोणते येणार हे ठाऊक असले म्हणजे ज्यांना गीत पुरते पाठ नाही त्यांनाही त्यात सहभागी होता येते. यास्तव धवळ्यांचे रक्षण समूहाकडून होते. एकीची चूक दुसरीच्या कानावर येते आणि तेथल्या तेथे दुरुस्त होते. ही रचना एकट्याने मनात वाचली तर तिचे अर्धे बळ नाहीसे होते.

२. मातृकी : अक्षराची आवृत्ती

मातृका म्हणजे वर्णमाला. मातृकी स्वयंवरात ओव्यांचे आरंभ वर्णमालेच्या क्रमाने होतात. येथे बंधन ओवीच्या मुखाशी आहे. यमक ओवीच्या आत असतेच, पण एका ओवीचा दुसरीशी संबंध वर्णक्रमाने जोडला जातो. मुलाला धुळाक्षरे शिकवताना जो क्रम प्रथम पाठ होतो, त्याच खुंट्यांवर कवयित्रीने कथेची वस्त्रे टांगली आहेत.

या योजनेचा लाभ कोणता? यमक एका ओवीच्या आतील शब्दांना बांधते. एखादी ओवी समूळ गळली तर यमकाला ते कळत नाही, कारण पुढील ओवी आपल्या ठिकाणी पूर्णच असते. वर्णक्रमात मात्र गळलेली ओवी तत्काळ उघडी पडते. 'ग'नंतर एकदम 'च' आला की 'घ'ची ओवी राहिली, हे अक्षरओळख असलेल्या बालकालाही समजते. ओव्यांची अदलाबदल झाली तरी ती लपत नाही. आपल्या ओव्या मोजण्याचे साधन त्या ग्रंथाच्या अंगीच आहे.

अर्थात या बंधनाची किंमतही आहे. काही वर्णांनी आरंभ होणारे शब्द मराठीत थोडेच. अशा ठिकाणी कथेच्या ओघापेक्षा अक्षराची गरज वरचढ होते आणि शब्द ओढून आणावा लागतो. मातृकी रचना वाचताना अशा जागा खटकल्या तर त्या काव्यदोष म्हणून टाकून देऊ नयेत. क्रम राखण्यासाठी कवीने दिलेले ते मोल होय.

३. ग्रंथी ओवी : यमकाची आवृत्ती

आता नरेंद्राच्या ओवीकडे येऊ. ओवी ही मुळात गेय. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या इ.स. ११२९ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. शार्ङ्गदेवाने ओवीचे लक्षण सांगताना देशभाषेतील प्रासयुक्त तीन खंड आणि त्यांच्या शेवटी 'ओवी' हे पद, अशी तिची घडण दिली आहे. हे लक्षण बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रास तीन खंडांचा. आणि त्यानंतर प्रासाबाहेरचे एक छोटे पद. ग्रंथी ओवीत हाच सांगाडा कायम राहिला. तीन यमकबद्ध चरण आणि चौथा आखूड, सामान्यतः यमकरहित. जेथे पूर्वी गाण्याचे पालुपद होते, तेथे कवीने अर्थाचा शेवट आणून ठेवला. जुन्या जाणकारांनी तिला साडेतीन चरणांची म्हटले, ते याच कारणाने.

या घडणीत एक गती आहे. पहिल्या चरणाच्या शेवटी एक ध्वनी कानी पडतो. दुसऱ्या चरणात तोच ध्वनी आला की कानाला अपेक्षा लागते. तिसऱ्या चरणात ती पुरी होते. चौथा चरण तो ध्वनी सोडून देतो, आखूड असल्यामुळे लवकर थांबतो आणि त्या थांबण्यावर अर्थाचा भार पडतो. नरेंद्राचे रुक्मिणीविरहाचे वर्णन प्रसिद्ध आहे. शीतल म्हणून जे जे उपचार करावे ते ते दाहकच व्हावेत, हा विरहवर्णनाचा परंपरागत विषय. अशा विषयाला ही ओवी फार सोयीची पडते. तीन चरणांत तीन उपचार एकामागून एक मांडता येतात, यमकाने त्यांची एक रांग होते, आणि चौथ्या चरणात त्या साऱ्यांची व्यर्थता एका झटक्यात सांगता येते. उपमांच्या मालिकेचेही तसेच. 'कीं', 'नातरी', 'जैसें' अशा शब्दांनी एकामागून एक दृष्टांत उभे राहतात आणि 'तैसें' म्हणून कवी मूळ विषयावर उतरतो. तेव्हा चरणान्तीचे यमक आणि चरणारंभीची ही शब्दावृत्ती मिळून ओवीला दोन्ही बाजूंनी आवळतात.

येथे एक व्यावहारिक अडचण निर्माण झाली आहे. छापील ग्रंथांत ओवी बहुधा दोन ओळींत मांडतात. पहिल्या ओळीत दोन चरण, दुसऱ्या ओळीत दोन. डोळ्याला ही मांडणी नेटकी दिसते. पण ओवीची घडण दोन अधिक दोन अशी नाही, ती तीन अधिक एक अशी आहे. ओळ संपली म्हणून पाठक दुसऱ्या चरणानंतर मोठा विराम घेतो. तिसरे यमक त्यामुळे एकाकी पडते, आणि चौथा चरण तिसऱ्याला चिकटून घाईने उरकला जातो. ज्या चरणावर कवीने अर्थ ठेवला, तोच असा बुडतो. जुन्या पोथीत ओळी अखंड असत. विराम कोठे घ्यावयाचा हे गुरुमुखातून कळे. पोथी जाऊन छापील पान आले, पण ते ज्ञान पानावर उतरले नाही.

४. यमकाचा पहारा आणि त्याची मर्यादा

आपले ग्रंथ दीर्घकाळ सकळ लिपीत राखले गेले. या लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह येते. लेखकाच्या, म्हणजे नकलकाराच्या, डोळ्यासमोर ओळखीचा शब्द नसतो, चिन्हांची ओळ असते. अशा वेळी चूक होण्याचा संभव वाढतो. परंतु अक्षरांची अदलाबदल ठरलेल्या रीतीने झाली की सारखी अक्षरे सारखीच राहतात. म्हणून यमक सकळ लिपीतही यमकच दिसते. तीन चरणांच्या शेवटी चिन्हांची तीच जोडी येत नसेल तर कोठेतरी हात चुकला, हे अर्थाकडे न पाहताही कळते. छंदाने ग्रंथावर केलेला हा उपकार थोडा नाही.

हा पहारा अलीकडच्या काळात वेगळ्याच मार्गाने ढिला होतो. जुन्या मराठीत पुल्लिंगी नामाची प्रथमा उकारान्त असते. 'वसंत' हा शब्द 'वसंतु' असा येतो. क्रियेची रूपेही 'करितु' अशी आढळतात. समजा, एका ओवीच्या तीन चरणांच्या शेवटी 'वसंतु', 'करितु' आणि 'हेतु' असे शब्द आहेत. यमक 'तु' या अक्षराचे आहे. आता कोणी सुलभतेसाठी 'वसंत', 'करीत', 'हेतू' असे आधुनिक रूप दिले, तर शब्द कळतात पण यमक मोडते. अनुस्वाराचेही तसेच आहे. इ.स. १९६२ च्या लेखननियमांनी आधुनिक मराठीतून अनुच्चारित अनुस्वार वगळला, ते आधुनिक गद्यापुरते ठीक. जुन्या ग्रंथात तो अनुस्वार विभक्तीची खूण असतो. 'कृष्णें' म्हणजे कृष्णाने. तो टिंब गेला की कर्ता कोण हे शोधत बसावे लागते. यास्तव मूळ संहिता छापताना जुनी रूपे जशीच्या तशी ठेवून आधुनिक अर्थ खाली द्यावा, हाच शुद्ध मार्ग होय.

तथापि यमकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. समजा, एका ओवीत आठ, आठ, आठ व पाच अशी एकूण २९ अक्षरे आहेत आणि यमक प्रत्येकी दोन अक्षरांचे आहे. तर यमकाचा पहारा फक्त सहा अक्षरांवर राहिला. उरलेली २३ अक्षरे अर्थाच्या व अन्वयाच्या आधाराने तरतात. त्यांतही पहिल्या तीन चरणांना निदान एक टोक बांधलेले असते. चौथा चरण मात्र सर्वस्वी मोकळा. तेथे शब्द बदलला तर कान सांगत नाही, अक्षर वाढले तर खटकत नाही. ओवीतील सर्वांत महत्त्वाचा चरण तोच सर्वांत कमी सुरक्षित, अशी ही स्थिती आहे.

मग त्याचे रक्षण कसे करावे? याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी गद्यग्रंथात देऊन ठेवले आहे. लीळाचरित्र गद्यात आहे. तेथे यमक नाही, चाल नाही, वर्णक्रम नाही. म्हाइंभटांनी संकलित केलेला मूळ ग्रंथ यवनांच्या धाडीत हरपल्यावर हिराइसा प्रभृतींच्या स्मरणावरून तो पुन्हा उभा राहिला, हे परंपरेत प्रसिद्ध आहे. अशा स्थितीत भिन्न पाठ येणे अपरिहार्य होते. तेव्हा आपल्या शोधनीकारांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. 'वासना' म्हणून ते भेद नोंदवले, आणि कोणाची वासना कोणती हे नावानिशी राखले. ओवीच्या चौथ्या चरणासाठी हीच शिस्त लागू पडते. दोन पोथ्यांत भेद दिसला तर दोन्ही पाठ नोंदवावेत. अर्थ लागत नाही म्हणून नवा शब्द घालू नये, आणि चौथ्यालाही यमक असते तर बरे, अशा समजुतीने त्याला लांबवू नये.

५. अलंकार कोणासाठी?

एक शंका उरते. निवृत्तिमार्गी साधकाला यमकाचा व अनुप्रासाचा हा पसारा कशाला? ही शंका आधुनिक नाही. भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपालवध' रचला, तेव्हा त्यांच्या गुरुबंधूने ग्रंथ चांगला साधल्याचे मान्य करूनही, तो शृंगारप्रधान असल्यामुळे निवृत्तांच्या उपयोगाचा नाही असा अभिप्राय दिला. भास्करभट्टांनी तो शिरोधार्य मानला आणि पुढे भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचली. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, त्यांनी विषय बदलला, ओवी बदलली नाही. यमकबद्ध तीन चरण व मोकळा चौथा, हीच घडण ज्ञानविषयालाही त्यांनी वापरली. आक्षेप छंदावर असता तर त्यांनी गद्याचा आश्रय केला असता. आक्षेप होता तो छंद कशाच्या सेवेस लावला यावर.

नरेंद्रकवीचा प्रसंगही याच कसोटीचा आहे. देवगिरीच्या रामदेवरायाने ग्रंथावर आपले नाव घालण्याच्या अटीवर ओवीगणिक सुवर्णनाणे देऊ केले आणि कवीने ते नाकारले, ही कथा सर्वश्रुत आहे. राजाने ओव्या मोजल्या, त्या मोजता येण्याजोग्या होत्या म्हणून. यमक, चरण, संख्या हे सारे मोजता येते. पण ती मोजदाद कवीच्या दृष्टीने विक्रीसाठी नव्हती. ओवी ज्याच्या वर्णनासाठी बांधली त्याच्याशी तिचा संबंध तुटू नये, एवढ्यासाठी त्याने सोने सोडले व पुढे आचार्य श्रीनागदेवांना अनुसरला. छंद हे स्मरणाचे पात्र होय. पात्र बळकट असावे, सुबकही असावे. परंतु पात्राकडे पाहत राहून आतील वस्तूचा विसर पडला, तर दोष पाहणाराचा.

पाठकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून नित्यपाठ करणाऱ्या साधकांनी पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात. धवळे शक्यतो एकत्र बसून मोठ्याने म्हणावेत. ओळी विषम वाटल्या तरी त्या चालीने सावरू द्याव्यात. मातृकी म्हणताना प्रत्येक ओवीचे आद्याक्षर स्पष्ट उच्चारावे, म्हणजे क्रम सुटत नाही. ग्रंथी ओवी म्हणताना पहिल्या तीन चरणांच्या शेवटी सारखा अल्प विराम घ्यावा, आणि चौथ्या चरणापूर्वी क्षणभर थांबून तो सावकाश म्हणावा. नव्याने शिकणाऱ्यास प्रथम तीन यमके शोधून त्यांखाली खूण करावयास सांगावे. चौथ्या चरणाचा अर्थ त्याच्याच तोंडून वदवून घ्यावा. आणि ज्यांच्या मठांत, आश्रमांत अथवा घरांत जुन्या पोथ्या आहेत, त्यांनी छापील प्रतीशी पडताळा करताना चौथे चरण आधी पाहावेत व भेद आढळल्यास तो पोथीच्या उल्लेखासह लिहून ठेवावा.

हे काम एकट्या अभ्यासकाचे नाही. अशा पडताळ्याला पांडित्य लागत नाही, सावध डोळा व सावध कान लागतो. आणि तो नित्य पाठ करणाऱ्या वासनिकाजवळ व तपस्विनीजवळ असतो. महदंबेने जे श्रीप्रभूंच्या सन्निध गाइले आणि नरेंद्राने जे सोन्याच्या मोबदल्यातही दिले नाही, ते आपल्या हाती आले ते अनेक अनाम कंठांनी व लेखण्यांनी राखले म्हणून. तेच आपणही पुढच्या हाती न मोडता द्यावे.

दंडवत प्रणाम.